परवाना आणि पत

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटर अंतरावर राजूर लागते. गणेशाच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून या गावाची ख्याती आहे. अंगारकी चतुर्थीला दूरदूरचे भाविक येथे लोटतात. जालन्याहून रात्रीच पायी निघालेल्यांच्या रांगा पहाटे मंदिराच्या पायऱ्यांशी पोहोचतात. एरवी राजूर हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन आणि मका यांचा हंगाम, किराणा, कापड, बी-बियाणे आणि खते यांची दुकाने, आणि त्या दुकानांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी व्यापारी कुटुंबे असे या गावाचे नेहमीचे रूप असते.

व्यापाऱ्याच्या जीवनात दोन शब्दांना मोठे मोल आहे. एक परवाना आणि दुसरा पत. परवाना बाजार समिती देते. त्याला क्रमांक असतो, मुदत असते, तो चौकटीत बसवून गादीच्या मागच्या भिंतीवर लावता येतो. पत मात्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. शेतकऱ्याच्या मालाचे माप कसे घेतले, मंदीच्या वर्षी दिलेला शब्द पाळला की नाही, वांधा निघाला तेव्हा चोपडी उघडून दाखवली की झाकून ठेवली, या गोष्टींवरून बाजारातले बरोबरीचे व्यापारीच ती ठरवतात. बँकेत कर्जाचा अर्ज आला म्हणजे कागदपत्रे तपासली जातातच. परंतु जुन्या पठडीतला अधिकारी कागद पाहून झाल्यावर बाजारात दोन फेऱ्या मारून येत असे. त्या दोन फेऱ्यांत जे कळत असे, ते परवान्यावर छापलेले नसे.

धान्य, कापड आणि कर्ज यांच्या बाबतीत इतकी चौकस असलेली ही मंडळी डॉक्टरच्या दारात मात्र गोंधळून जातात. त्यातही प्रश्न मेंदूचा असेल, तर घरातला हिशेबी माणूसदेखील हात जोडून उभा राहतो. ज्या क्षेत्रातले आपल्याला काहीच कळत नाही, त्या क्षेत्रातल्या माणसाची पत कशी जोखावी, हा प्रश्न राजूरमधील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी अचानक येऊन उभा राहिला.

या घरातला २१ वर्षांचा मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. सुटीत घरी आला असता दुकानात वजनाच्या पट्ट्या लिहिता लिहिता तो खाली कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. पाच मिनिटांत तो शुद्धीवर आला, पण घर मात्र पुढे कित्येक दिवस शुद्धीवर आले नाही. जालन्याला सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक लहानशी गोल गाठ आणि तिच्याभोवती सूज, असे अहवालात लिहिलेले होते. 'गाठ' हा शब्द ऐकताच आजीने देवघर गाठले. वडिलांनी मुदत ठेवींच्या पावत्या काढून ठेवल्या. धाकट्या काकांनी मोटार काढली आणि दोघे भाऊ मुलाला घेऊन छत्रपती संभाजीनगरला एका मेंदूच्या शल्यचिकित्सकाकडे गेले.

डॉक्टरांनी मुलाला तपासले, चित्रफिती उजेडासमोर धरल्या, गाठीचे माप घेतले आणि सांगितले, "आत्ता शस्त्रक्रिया नको. आकडीचे औषध एकही दिवस न चुकवता द्या. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू. ही गाठ बहुधा आपोआप विरघळेल."

परतीच्या वाटेवर काकांना राहवले नाही. ते थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक पैसे घेऊन दुकानात उभं आहे आणि दुकानदार म्हणतो, माल घेऊ नका. असं कधी कोणी करतं का?"

शंका रास्त होती. दुसरे मत घ्यावे म्हणून हे कुटुंब मुंबईला गेले. तेथील डॉक्टरांची आणि पहिल्या डॉक्टरांची ओळखही नव्हती. तरीही त्यांनी तेच सांगितले. तेच माप मोजले, तेच प्रश्न विचारले, थांबण्याचा तोच सल्ला दिला. काका आणखीच विचारात पडले. बाजारात दोन दुकानांत एकच भाव ऐकू आला, तर त्यामागे संगनमत तरी असते किंवा दोघांच्याही हातात एकच प्रमाणित माप असते. येथे यांपैकी काय होते?

येथे प्रमाणित माप होते. ते कसे तयार झाले, ही हकिगत प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे.

सीटी स्कॅनची यंत्रे भारतात पसरू लागली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. आकडी आलेल्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत अशी एकच लहान गाठ सापडे. देशात क्षयरोग मोठ्या प्रमाणावर असल्याने ही क्षयाचीच गाठ असावी, असा तर्क बहुतेकांनी केला. रुग्णांना वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधे दिली जात. कोठे कोठे कवटी उघडून गाठ काढलीही जाई. परंतु काही रुग्णांच्या गाठी विशेष उपचार न करताही नाहीशा होत होत्या, आणि क्षयाच्या गाठी अशा वागत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सकांनी काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली काळजीपूर्वक पाहिल्या गेल्या, तेव्हा त्यांत फीतकृमीच्या अळीचे अवशेष आढळले. मॅथ्यू चंडी, वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. पुढे १९९७ मध्ये राजशेखर आणि चंडी यांनी निकष प्रसिद्ध केले. गाठ एकच आहे, २० मिलिमीटरपेक्षा लहान आहे, कवटीतला दाब वाढल्याची लक्षणे नाहीत, हातापायांतली शक्ती दिवसेंदिवस कमी होत नाही आणि शरीरात दुसरा सक्रिय आजार नाही, अशा रुग्णाला आकडीचे औषध देऊन वाट पाहावी आणि पुन्हा स्कॅन करावा. राजूरच्या मुलाच्या चित्रफितीवर दोन शहरांतल्या दोन डॉक्टरांनी जे माप घेतले, ते हेच.

परंतु या घरात गाठीपेक्षाही बोचणारी एक गोष्ट उरली होती. डॉक्टरांनी आजाराचे मूळ सांगताना डुकराच्या फीतकृमीचा उल्लेख केला होता. ज्या घरात कंदमुळेही शिजत नाहीत, त्या घरातल्या मुलाच्या मेंदूत हे आले कोठून? वडिलांच्या मनात वसतिगृहाच्या जेवणाविषयी संशय शिरला. तोंडाने ते काही बोलले नाहीत, पण मुलाशीही बोलेनासे झाले. मुलगा आजारापेक्षा या अबोल्याने खचला.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी ही गाठ सोडवली. संसर्ग असलेले डुकराचे मांस नीट न शिजवता खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि उघड्यावरील घाण, दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी किंवा अस्वच्छ हात यांच्या मार्गे दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकतात. अशा रीतीने अंडी गिळणाऱ्याच्या शरीरात आणि मेंदूत अळीच्या पुटी तयार होतात. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या पोटात कृमी होतो. मेंदूतली अळी मात्र आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही होऊ शकते. ज्याच्या पोटात कृमी आहे, त्या माणसालाही बहुधा त्याचा पत्ता नसतो. कोथिंबीर, पालक, काकडी यांसारखा कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला अनेक वेळा वाहत्या पाण्याने धुणे, जेवणापूर्वी आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे आणि पाणी उकळून पिणे हे त्यावरचे उपाय. पाणी गाळून घेण्याची घराघरांतील जुनी रीत चांगलीच आहे. परंतु कापडातून इतकी सूक्ष्म अंडी अडतीलच याची खात्री नसते, उकळल्याने मात्र ती मरतात.

वडिलांनी त्या दिवशी रुग्णालयाच्या आवारातच मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली आणि नंतरच्या स्कॅनमध्ये तिच्या जागी एक ठिपका उरला. औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस चालू राहिले.

या कुटुंबाचे पैसे वाचले, मुलाची कवटी उघडावी लागली नाही आणि बाप-लेकांमधला संशय गेला. हे एका हुशार डॉक्टरच्या अंगभूत गुणाने घडले, असे म्हणणे अपुरे ठरेल. वेल्लोरला जे कळले ते संभाजीनगर आणि मुंबईला पोहोचण्यासाठी, त्यावर शंका घेतल्या जाण्यासाठी आणि शंका फिटल्यावर ते सर्वांचे माप होण्यासाठी एक सामाईक गादी लागते. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या क्षेत्रात भारतात अशी जुनी गादी म्हणजे न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया.

या संस्थेची स्थापना १९५१ साली मद्रासमध्ये झाली. त्या वेळी देशात या विषयाचे जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. माँट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकून आलेले जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला काम सुरू केले होते. बी. राममूर्ती १९५० मध्ये इंग्लंडहून परतून मद्रासच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले होते. हे दोघे शल्यचिकित्सक. त्यांच्याबरोबर एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग हे दोन मज्जाविकारतज्ज्ञ होते. चौघांनी मिळून संस्था काढली. शस्त्रक्रिया करणारे आणि न करणारे असे दोघेही पहिल्या दिवसापासून एका सभेत बसले, ही त्यातली दूरदृष्टी. शस्त्रक्रिया हेच ज्याचे कसब, त्याला प्रत्येक दुखण्यात शस्त्रक्रिया दिसण्याचा संभव असतो. शेजारच्या खुर्चीवर औषधाने उपचार करणारा बसलेला असला, की तो विचारतो, "हे कापल्याशिवाय बरे झाले नसते का?"

मुंबईतही त्याच सुमारास या शास्त्राची पायाभरणी झाली. माँट्रिअलला शिकलेले डॉ. राम गिंडे यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग उभा केला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून क्ष-किरण चित्रे काढायची किंवा मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून सावल्या पाहायच्या आणि गाठ कोठे असेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तर रुग्णाच्या जिवाशी गाठ. अशा परिस्थितीत दुसऱ्या शहरातल्या सहव्यवसायीला नुकताच कोणता धडा मिळाला, हे वेळेवर कळणे म्हणजे पुढच्या रुग्णाचा प्राण वाचणे होते. संस्थेने १९५३ पासून 'न्यूरॉलॉजी इंडिया' हे नियतकालिक सुरू केले. दरवर्षी वेगळ्या गावी अधिवेशन भरवण्याची प्रथाही रुळली.

अशा अधिवेशनात काय चालते? बाहेरच्याला तेथे मोठी हॉटेले, औषध कंपन्यांची दालने आणि मेजवान्या दिसतात, आणि त्यांवर टीकाही होते. ती सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु सभागृहाच्या आत जे घडते, त्याचे व्यापाऱ्याला समजेल असे एकच वर्णन आहे: तेथे चोपड्या उघडल्या जातात. अमुक प्रकारच्या इतक्या गाठी काढल्या, इतके रुग्ण बरे झाले, इतक्यांना अपंगत्व आले, इतके दगावले, असे आकडे उभे राहून सांगावे लागतात. समोर बसलेले सर्व त्याच धंद्यातले असतात. दगावलेल्यांचा आकडा फारच कमी दिसला, तरी त्यांच्या भुवया उंचावतात.

परळच्या केईएममधले उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा निसटला, तर मज्जारज्जू दाबला जाऊन माणूस लुळा पडतो. हे दोन मणके पट्टी आणि स्क्रूंनी थेट एकमेकांना जखडण्याची पद्धत डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या जागेजवळूनच मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते. म्हणून ही पद्धत धोक्याची आहे, असा आक्षेप येणे स्वाभाविक होते. परंतु ती मांडली गेली, तपासली गेली, इतर देशांतल्या शल्यचिकित्सकांनी तिच्यात फेरफार करून ती वापरली आणि आज ती जगभर परिचित आहे. एका सार्वजनिक रुग्णालयात गोरगरिबांवर उपचार करताना घडलेले हे काम बरोबरीच्या लोकांच्या कसोटीला उतरून जगाच्या उपयोगी पडले.

चोपड्या एकत्र करण्याचे महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीवरून अधिक स्पष्ट होते. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे, म्हणजे मेंदूची सूज उतरेल, असे जगभरातील पुष्कळ डॉक्टर कित्येक वर्षे मानत होते. प्रत्येकाच्या स्वतःच्या अनुभवात काही रुग्ण वाचत, काही जात. औषधाने नुकसान होते, असे कोणाच्याच नजरेस येत नव्हते. अखेर अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून १०,००८ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली. भारतातील रुग्णालयेही त्यात होती. २००४ मध्ये निकाल बाहेर आला. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले होते आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन जीव जास्त जात होते, आणि तेही उपचार म्हणून दिलेल्या औषधामुळे. वर्षाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या एकट्या डॉक्टरला हा फरक जन्मभरात दिसला नसता. एका दुकानाच्या रोजमेळात जी तूट लपून राहते, ती शंभर दुकानांची खतावणी एकत्र मांडली की उघडी पडते. ही खतावणी मांडायची, तिचा निकाल आपल्या देशातल्या गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत न्यायचा आणि जुनी सवय सोडायला लावायची, हे व्यावसायिक संस्थांचे खरे काम.

तथापि संस्थेच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत, नाहीतर आंधळ्या अविश्वासाची जागा आंधळा विश्वास घेईल. ही संस्था परवाना देत नाही आणि काढूनही घेत नाही. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. ठरावीक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी शिक्षण चालू ठेवल्याचे श्रेयांक दाखवावे लागतात. हे श्रेयांक मिळवण्याचे एक साधन म्हणजे अशा संस्थांची अधिवेशने आणि शिबिरे. गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करायची असते, नुकसानभरपाईचा दावा ग्राहक आयोगाकडे. बाजार समिती आणि व्यापारी संघ यांच्यात जो फरक आहे, तोच येथे आहे. व्यापारी संघ कोणाचा परवाना रद्द करू शकत नाही. पण संघात ज्याला मान नाही, त्याच्याशी उधारीचा व्यवहार करताना लोक दहा वेळा विचार करतात.

शिवाय संस्थेचे सभासदत्व ऐच्छिक आहे. सभासद आहे म्हणून हात कुशल असेलच असे नाही, आणि सभासद नाही म्हणून डॉक्टर कमी प्रतीचा ठरत नाही. रुग्ण पाठवणाऱ्याला पोहोचणारे कमिशन, अनावश्यक तपासण्या, महागडी उपकरणे यांसारख्या व्याधी केवळ ठराव करून गेलेल्या नाहीत. त्याविषयी व्यवसायाच्या आतून बोलणारी माणसे मात्र याच क्षेत्रात निघाली. केईएममधील मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या हे त्यांपैकी एक. वैद्यकीय नीतिमत्तेला वाहिलेले नियतकालिक १९९३ मध्ये मुंबईतून सुरू झाले, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. आपल्याच बाजारातल्या खोट्या मापाविषयी उघड लिहायला किती धैर्य लागते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिसरी उणीव अंतराची. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन आणि एमसीएचची तीन वर्षे शिकून बाहेर पडलेला शल्यचिकित्सक जेथे रात्री-बेरात्री स्कॅन, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे, तेथेच काम करू शकतो. म्हणून तो शहरात राहतो. राजूरच्या माणसाला त्याच्याकडे जावे लागते आणि घाबरलेल्या मनाने काही तासांत निर्णय घ्यावा लागतो.

अशा वेळी परवाना आणि पत या दोन्हींची चौकशी सभ्यपणे करता येते. डॉक्टरची पदवी एमसीएच किंवा तत्सम आहे काय आणि परिषदेकडील नोंदणी क्रमांक कोणता, हे विचारण्यात अपमान नाही. तो क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर असतोच. प्रसंग तातडीचा नसेल, तर शस्त्रक्रिया न करता थांबले तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारावा. अशा किती शस्त्रक्रिया येथे झाल्या आणि त्यांतले किती रुग्ण पूर्ववत चालते-बोलते झाले, हेही विचारावे. दुसरे मत घ्यायचे म्हटल्यावर जो डॉक्टर चित्रफिती आणि अहवाल हसतमुखाने हातात देतो, त्याला चोपडी दाखवण्याची भीती नसते. ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याविषयी कुटुंबाने काय ते समजावे. मात्र डोक्याच्या मोठ्या इजेत चौकशीला वेळ नसतो. तेथे जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठणे हेच पहिले कर्तव्य.

आणि राजूरच्या रस्त्यावर हा प्रसंग अधिक संभवनीय आहे. चतुर्थीची गर्दी, अंधारात पायी चालणारे भाविक, उसाच्या आणि कापसाच्या गाड्या, एका मोटारसायकलवर तिघे. दुकानातला मुनीम आणि वसुलीला जाणारा मुलगा रोज याच रस्त्याने ये-जा करतात. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. दुकानाच्या नोकराला दिवाळीला बोनस देणाऱ्या शेठजींनी त्याबरोबर एक चांगले हेल्मेट द्यावे आणि ते घातल्याशिवाय वसुलीला पाठवू नये.

डोक्याला मार लागलेला माणूस थोडा वेळ बेशुद्ध होऊन पुन्हा बोलू लागला, तर लोक सुटकेचा निश्वास टाकतात. तेथेच घात होतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल, तर बोलता-चालता माणूस काही तासांनी गुंगू लागतो. वेळेत रक्त काढले तर यांतले पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात, उशीर झाला तर हातचे जातात. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, एका बाजूची शक्ती कमी होणे किंवा दोन बाहुल्यांच्या आकारात फरक दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर क्षणभरही थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांकडून त्रास होऊ नये, यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणाची तरतूद केली आहे.

ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीचे एक माप ठरवून दिले. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण. बेरीज ३ ते १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. गावातल्या डॉक्टरने फोनवर हा आकडा सांगितला, की शहरातला शल्यचिकित्सक रुग्ण पोहोचण्यापूर्वीच तयारीला लागतो.

गुण मोजणे हे डॉक्टरचे काम. पण व्यापारी घरातल्या माणसाला जे उत्तम येते, ते त्याने करावे. एका कागदावर नोंद ठेवावी. अपघात किती वाजता झाला, माणूस बेशुद्ध झाला होता का आणि किती वेळ, शुद्धीवर येऊन काय बोलला, उलटी केव्हा झाली, पुन्हा गुंगी केव्हा आली, कोणती औषधे आधीपासून चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी आहे का. प्रत्येक ओळीसमोर वेळ लिहावी आणि तो कागद रुग्णाबरोबर द्यावा. शहरातल्या शल्यचिकित्सकाला त्या अर्ध्या पानाचा उपयोग कित्येक तपासण्यांइतका होतो.